कोऱ्या कागदाची भीती आणि सीमेवरची मराठी

मराठीच्या न्याय्य हक्कासाठी आपण सभा घेतो, ठराव करतो, निवेदनांवर सह्या करतो. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत अशा सह्यांचा तोटा कधी पडला नाही. परंतु त्या सह्या करणाऱ्या हातांपैकी किती हात वर्षभरात मराठीतून दोन पाने मजकूर स्वतः लिहितात, हा प्रश्न आपण एकमेकांना सहसा विचारीत नाही. १९८७ च्या गोवा राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषा ठरविले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद ठेवली. त्या तरतुदीचा अपुरेपणा हा आपल्या चळवळीचा विषय आहे आणि पुढेही राहील. आज मात्र मला त्याच्या अलीकडची एक गोष्ट बोलायची आहे. ज्या भाषेत आपली मुले लिहिताना अडखळतात, त्या भाषेसाठी उद्या हवी तशी तरतूद मिळाली, तरी ती वापरणार कोण?

कोरगावात आणि आसपासच्या गावांत लिहावेसे वाटणारी मुले नाहीत, असे मुळीच नाही. ती माझ्याकडे येतात. कोणाला कथा लिहायची असते, कोणाला आजीच्या आठवणी, कोणाला गावाच्या देवस्थानाची माहिती. बहुतेकांची तक्रार एकच असते. वही उघडतो, पहिले वाक्य लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, पुन्हा खोडतो आणि वही मिटतो. या अवस्थेला इंग्रजीत ‘रायटर्स ब्लॉक’ म्हणतात. आपण ‘लेखन खुंटणे’ म्हणू. लेखन का खुंटते याची कारणे पुस्तकांतून सांगितलेली असतात: विषय सुचत नाही, वेळ मिळत नाही, मन एकाग्र होत नाही. ती खरीही असतील. परंतु या मुलांना थोडे खोलात विचारले, की एक वेगळेच कारण पुढे येते. घरात आपण एक बोलतो, शाळेत दुसरे शिकतो, पुस्तकात तिसरे वाचतो. मग लिहायचे कोणते? आपली मराठी ‘शुद्ध’ नाही, ही लाज त्यांचा हात धरून ठेवते. त्यांच्याजवळ विषय असतात, शब्दही असतात. ते शब्द कागदावर ठेवण्याची परवानगी आपल्याला आहे, एवढा विश्वास मात्र नसतो.

ही लाज कोणी निर्माण केली, याची चौकशी करताना मला प्रथम स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका निबंधस्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले होते. एका मुलीने आपल्या आजोबांच्या मांगराविषयी लिहिले होते. पावसाळ्याच्या तोंडावर मांगर शाकारणे, माळ्यावर रचलेले गवत, कोपऱ्यातला नांगर, रात्री राखणीला निजणारे आजोबा, असा तो निबंध होता. मी तांबडी शाई हातात घेतली आणि ‘मांगर’ खोडून ‘गोठा’ लिहिले. ‘व्हाळ’ खोडून ‘ओढा’ लिहिले. ‘कुणगा’ खोडून ‘शेत’ लिहिले. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा वेगळ्याच. वही परत गेली तेव्हा तिच्यात निळ्या शाईपेक्षा तांबडी अधिक दिसत होती. मला वाटले, आपण मराठीची सेवा केली. त्या मुलीने पुन्हा कधी काही लिहून आणले नाही. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आले, की मांगर म्हणजे गोठा नव्हेच. मांगरात गुरे असतात, तसे गवत असते, अवजारे असतात, आणि हंगामात माणूसही राहतो. तिचा शब्द अचूक होता. चुकलो होतो मी. एक अचूक शब्द खोडून मी तेथे चुकीचा शब्द लिहिला आणि वर गुण कापले.

या चुकीची भरपाई करता येत नाही. पण लिहू पाहणाऱ्या पुढच्या मुलांना चार गोष्टी सांगता येतील.

पहिली गोष्ट अशी, की मराठी आपल्याला परकी आहे हा समज मनातून काढून टाका. त्यासाठी पुरावा हवा असेल तर आपल्या जत्रेत जा. पेडण्यापासून सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत देवळांच्या जत्रांतून रात्रभर दशावतारी नाटक चालते. गणपती, सरस्वती, संकासुर होऊन गेले, की आख्यान सुरू होते. या नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. अलीकडे काही मंडळी लिहून बसविलेली नाटकेही करतात. परंतु मूळ रीत अशी, की कथानक ठरते, कोणी कोणते पात्र करायचे ते ठरते, प्रवेशांचा क्रम ठरतो, आणि बाकीचे सारे रंगमंचावर उभे राहिल्यावर. दिवसा शेतात किंवा मजुरीच्या कामावर असणारा माणूस रात्री किरीट घालून राजा होतो आणि पल्लेदार, संस्कृतप्रचुर मराठीत समोरच्या पात्राला उत्तर देतो. ते वाक्य त्याने कोठे लिहून ठेवलेले नसते. समोरच्याने काय टाकले, त्यावर ते अवलंबून असते. आणि त्याच रात्री विनोदी पात्र येऊन गावच्या बोलीत प्रेक्षकांना हसवून जाते. राजाची भाषा आणि त्या पात्राची भाषा एकाच रंगमंचावर सुखाने नांदतात. कोणी कोणाला तांबडी खूण करीत नाही.

ज्यांचे आजे-पणजे संहितेवाचून असे रात्र-रात्र बोलू शकत होते, त्यांची नातवंडे पदवी घेऊन कोऱ्या कागदापुढे मुकी होतात, याचे कारण भाषेच्या अभावात सापडणार नाही. दशावतारी नट पहिले वाक्य खोडू शकत नाही. ते तोंडातून गेले, की गेले. पुढचे वाक्य त्याला बोलावेच लागते. लिहिणाऱ्याने पहिल्या मसुद्यापुरता हा नियम स्वतःला लावून घ्यावा. कथानक ठरवा, पात्रे ठरवा, क्रम ठरवा, आणि शेवटापर्यंत न खोडता जा. खोडण्याला नंतर पुष्कळ वेळ आहे.

ज्याला लिहिताना फारच अवघडल्यासारखे होते, त्याने प्रथम बोलावे. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आवाज मुद्रित करण्याची सोय आहे. मित्राला सांगावी तशी गोष्ट सांगा आणि मग ऐकून उतरवून काढा. यात कमीपणा नाही. वि. स. खांडेकर दृष्टी अधू झाल्यावर लेखनिकाला मजकूर सांगत आणि तो लिहून घेई. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती; त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली त्या पुस्तकरूपाने मराठीला मिळाल्या.

दुसरी गोष्ट कोणती मराठी लिहावी याविषयीची. या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच भूमीत चारशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी येथे येऊन मराठी शिकून घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली साष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले. तेव्हा स्टीफन्स साठी ओलांडून गेले होते. या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या भाषेविषयी खुलासा केला आहे. त्याचा आशय असा, की ग्रंथ मराठीत लिहिला आहे. परंतु पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द सोडून दिले आहेत आणि रचना सोपी व्हावी म्हणून येथील बोलीतले सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले आहेत. त्यांनी उल्लेखिलेली बोली नेमकी कोणती, यावर पंडितांनी पुष्कळ वाद घातला आहे. लिहिणाऱ्याला मात्र त्यातून सरळ अर्थ घेता येतो. ज्या माणसाची ती मातृभाषाही नव्हती, त्याने ग्रंथाची मराठी आणि लोकांच्या तोंडची बोली यांचा मेळ घालायला भीती बाळगली नाही. आपण का बाळगावी?

येथे आपल्याच चळवळीतले काही सहकारी हरकत घेतील, याची मला कल्पना आहे. ते म्हणतील, पेडण्याच्या बोलीतले शब्द तुम्ही मराठी लेखनात आणलेत, तर उद्या विरुद्ध पक्ष तेच शब्द पुरावा म्हणून पुढे करील आणि ही मराठी नव्हेच, असे म्हणेल. हरकत गंभीर आहे. ती मी झटकून टाकणार नाही. न्यायालयात उभा राहणारा माणूस आपल्या कागदपत्रांतून विरुद्ध पक्षाच्या हाती काय लागेल, याचा विचार करतोच. परंतु बोली हा आपल्या खटल्यातला विरुद्ध पक्षाचा साक्षीदार आहे, असे मानणे हीच आपली चूक आहे. तेरेखोलची नदी ओलांडून रेडीमार्गे शिरोडा-आरवलीला गेलात, की जवळजवळ आपल्यासारखेच शब्द कानावर पडतात. त्या आरवलीची माणसे जयवंत दळवींनी ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये आणली, तेव्हा मराठी वाचकांनी ती आपली मानली. सत्तरीतल्या आंबेडे गावचे महादेवशास्त्री जोशी पारंपरिक शिक्षण घेतलेले. त्यांनी गोव्यातली देवळे, भिक्षुकांची घरे आणि तेथली माणसे कथेत आणली आणि पुढे दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ही सिद्ध केला. बा. भ. बोरकर आणि लक्ष्मणराव सरदेसाई यांनी आयुष्यभर मराठीत लिहिले, कोकणीतही लिहिले. साहित्य अकादमीचा पुरस्कार दोघांनाही कोकणी पुस्तकांसाठी मिळाला, म्हणून त्यांची मराठी पुस्तके कोणी रद्द केली नाहीत. मराठीचा दावा आपण शब्द गाळून सिद्ध करू शकणार नाही. मराठीत लिहिलेल्या पानांची संख्या आणि गुणवत्ता हाच त्या दाव्याचा सर्वांत बळकट पुरावा आहे, आणि नेमका तोच आपण दाखल करीत नाही.

शुद्धलेखनाविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली आणि ते अठरा झाले. या नियमांनी न उच्चारले जाणारे व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. म्हणजे आपल्या आजोबांच्या पत्रांतले कितीतरी अनुस्वार एका ठरावाने अशुद्ध ठरले. पत्रांतला मजकूर अशुद्ध ठरला नाही. नियम पाळलेच पाहिजेत, त्याबाबत माझी सूट नाही. मात्र त्यांची जागा मसुदा पुरा झाल्यानंतरची आहे. वाक्य जन्माला येण्याआधीच त्याची वेलांटी तपासू नका.

तिसरी गोष्ट, सुरुवात कोठून करावी. माझ्याकडे पक्षकार येतो आणि आपली कैफियत तोंडी सांगतो, तेव्हा तो अडखळत नाही. ‘हेच लिहून आणा’ म्हटले, की दुसऱ्या दिवशी येताना त्याच्या कागदावर ‘वरील विषयास अनुसरून’ एवढेच असते. अशा वेळी मी त्याला प्रश्न विचारतो. कोण? कोठे? केव्हा? आधी काय झाले, मग काय झाले? तुम्ही स्वतः काय पाहिले आणि ऐकीव काय? तो उत्तरे देतो, मी त्यांना क्रमांक देतो, आणि तासाभरात दाव्याचा मसुदा उभा राहतो. दाव्यात प्रथम वस्तुस्थिती असते. मागणी शेवटी येते. नव्या लेखकांचे बहुधा उलट होते. ते तात्पर्यापासून आरंभ करतात, ‘मानवी जीवन हे’ असे वाक्य लिहितात आणि अर्थातच तेथेच अडकतात. तुम्ही वस्तुस्थितीपासून आरंभ करा. तात्पर्य आपल्या पायांनी येईल, आणि नाही आले तरी फारसे बिघडत नाही.

विषय सुचत नसेल, तर एक नेमके काम देतो. घरातला जमिनीचा एक-चौदाचा उतारा बाहेर काढा. त्यात सर्व्हे क्रमांकाबरोबर शेताच्या नावासाठीही एक जागा असते. तेथे रोमी लिपीत काहीतरी लिहिलेले आढळेल आणि वाचताना तुम्ही दोनदा अडखळाल. ते नाव देवनागरीत लिहा. मग घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा: या जमिनीला हे नाव का? तेथे पूर्वी काय पिकत होते? व्हाळ कोणत्या बाजूने वाहत होता? बांध कोणी घातला? वाट कोणाच्या दारावरून जात होती? मिळालेली उत्तरे क्रमाने लिहा. दोन पानांचा लेख तयार होईल आणि तो तुमच्यावाचून दुसऱ्या कोणालाही लिहिता आला नसता.

हे काम मी करमणुकीसाठी सांगत नाही. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या सड्यावर विमाने उतरू लागली. आपल्या तालुक्यात जमिनींचे व्यवहार होत आहेत, डोंगर कापले जात आहेत, कुंपणे पडत आहेत. विमानतळ हवा की नको, हा वाद मी येथे उकरीत नाही. पण जमीन विकली जाते तेव्हा खरेदीखतात सर्व्हे क्रमांक आणि चतुःसीमा जातात. शेताच्या नावामागची गोष्ट जात नाही. ती माणसाच्या डोक्यात राहते आणि त्या माणसाबरोबर संपते. दिवाणी दाव्यात जुन्या वहिवाटीची साक्ष द्यायला म्हातारे माणूस शोधत आम्ही गावोगाव फिरतो, आणि पुष्कळदा आम्हांला उशीर झालेला असतो. भाषेच्या बाबतीतही तसाच उशीर होत चालला आहे.

चौथी आणि शेवटची गोष्ट वेळेची. आज प्रतिभा प्रसन्न नाही, असे वकिलाला म्हणता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता प्रतिवादीला आपली लेखी कैफियत दाखल करण्यासाठी समन्स बजावल्यापासून ३० दिवस देते; कारण दाखवल्यास फार तर ९०. त्यामुळे आम्हांला सुचते. मुदत नसती, तर आम्हांलाही सुचले नसते. लिहिणाऱ्याने स्वतःवर अशीच एक मुदत बजावून घ्यावी आणि ती कोणातरी दुसऱ्या माणसाला सांगून ठेवावी, कारण स्वतःशी केलेला करार मोडायला आपल्याला लाज वाटत नाही.

नोकरी आहे, वेळ नाही, ही सबबही फार टिकणारी नाही. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते आणि शाळा सांभाळून लिहीत होते. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपालखात्यात नोकरीला होते. ते पहाटे उठत, घड्याळ समोर ठेवीत आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहीत, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. मी तुमच्याकडून एवढे मागत नाही. रोज अर्धा तास आणि एक पान पुरे. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यांची एक सवयही उपयोगी आहे: पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच ते दिवसाचे लेखन थांबवीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालू होई. विहिरीचा तळ दिसेपर्यंत पाणी उपसू नये, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. लिहिण्यालाही तेच लागू आहे.

आपल्या भाषेत ‘कलम’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत. कायद्याचे कलम, लिहिण्याचे कलम आणि आंब्याचे कलम. पहिल्यासाठी आपण अनेक वर्षे झगडत आहोत, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यावर आपली उमेद वाढली आहे. तिसरे कसे धरते, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे: खाली मूळ गावठी रायवळाचे असते, वर डोळा मानकुराद झाडाचा, आणि त्या दोघांचा सांधा जुळला की फळ येते. खालचे मूळ गावठी आहे म्हणून ते उपटून टाकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दुसरे कलम तुमच्या हातात आहे, आणि ते चालविण्यासाठी कोणत्याही सरकारच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा एक-चौदाचा उतारा शोधा, आजीजवळ बसा आणि पुढच्या महिन्याच्या आत दोन पाने लिहून माझ्याकडे आणा. मांगर असेल तर मांगरच लिहा. तांबडी शाई मी ठेवून दिली आहे.